नदीच्या तळाशी लिहिलेला इतिहास
(दूधगंगा, पंचगंगा आणि गाळाचे शास्त्र)

गावाचा इतिहास म्हटला की आपण देवळे, वाडे, शिलालेख आणि जुने कागद यांच्याकडे वळतो, आणि ते योग्यच आहे. पण कोगनोळीच्या वेशीवर, कागल आणि आपण यांच्या मधोमध आणखी एक दफ्तर पडून आहे. ते कोणी लिहिलेले नाही आणि कोणाला फाडूनही टाकता येत नाही. ते म्हणजे दूधगंगेच्या तळाचा गाळ.

आमच्यापैकी कोणी शास्त्रज्ञ नाही. पदविकेपर्यंत शिकलेली, सरकारी नोकरीत रुळलेली माणसे आम्ही. कागदपत्र कसे जपावे आणि कसे तपासावे एवढे मात्र आम्हाला कळते. गाळाविषयी तज्ज्ञांचे म्हणणे वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की त्यांचे काम आमच्या कामापेक्षा फार वेगळे नाही. नदीचे पाणी म्हणजे रोजकीर्द. आज काय आले नि काय गेले एवढेच ती सांगते. गाळ म्हणजे वर्षानुवर्षांची खतावणी. रात्री गुपचूप सोडलेले सांडपाणी सकाळपर्यंत पुढच्या गावाला पोहोचते. पण त्यातले शिसे, जस्त, क्रोमियम, पारा यांचा काही भाग मातीच्या कणांना चिकटून तळाशी बसतो. पाण्याचा नमुना स्वच्छ येतो आणि खतावणीत नोंद मात्र राहते. ही नोंद वाचायला जग कसे शिकले आणि आपल्या नदीसाठी त्यातून काय घेण्यासारखे आहे, याचा हा थोडक्यात आढावा.

मळी आणि मळी

आपल्या भागात गाळ हा कधीच घाण मानला गेला नाही. पुराने आणून टाकलेल्या मातीच्या नदीकाठच्या जमिनीला आपण ‘मळी’ म्हणतो. मळीचे रान म्हणजे घरातला दागिनाच. सह्याद्रीच्या काळ्या दगडाची झीज होऊन आलेली ही माती दूधगंगा राधानगरीकडच्या डोंगरांतून आणते, वेदगंगा भुदरगडाकडून आणते, भोजजवळ दोघींचा संगम होतो आणि पुढे चिकोडी तालुक्यात हे पाणी कृष्णेला मिळते. तंबाखू, भाजीपाला आणि पुढे ऊस, सगळे या मातीवर पोसले गेले.

साखर कारखाने आले आणि त्याच शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. कारखान्यातून निघणारी तीही मळीच. ‘नदीत मळीमिश्रित पाणी’ हा मथळा कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव भागातल्या वर्तमानपत्रांत दर काही महिन्यांनी येतो. एकाच शब्दाने आधी नदीने दिलेले दान सांगितले आणि पुढे नदीला दिलेली घाणही सांगितली. आपल्या नद्यांचा गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास या एका शब्दात मावतो.

याच काळात नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले. पावसाळा सरला की बर्गे घालायचे आणि उन्हाळा संपता संपता काढायचे. या बंधाऱ्यांनी शेती तारली. पण अडवलेले पाणी संथ होते आणि संथ पाण्यात बारीक गाळ बसतो. म्हणजे ज्या जागी आपण पाणी साठवतो, नेमकी तिथेच ही खतावणीही जाड होत जाते.

मिनामाता : गाळाने दिलेली साक्ष

गाळ साक्ष देऊ शकतो हे जगाला सर्वांत कटू रीतीने शिकवले जपानमधल्या मिनामाता या कोळी गावाने. १ मे १९५६ रोजी तिथल्या अनोळखी आजाराची अधिकृत नोंद झाली. हातापायांना कंप, दृष्टी अधू, बोलणे अडखळते. मांजरेसुद्धा पिसाळल्यासारखी करून मरत होती. चिस्सो कंपनीचा रसायन कारखाना सांडपाणी उपसागरात सोडत होता. पण कारखाना जबाबदार आहे हे सिद्ध करायला पुरावा हवा होता.

कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी उपसागराच्या तळाचा गाळ तपासला. कारखान्याच्या गटाराच्या तोंडाशी एका टन गाळात सुमारे २ किलो पारा निघाला आणि तोंडापासून दूर जावे तसा तो कमी होत गेला. पाणी वाहून गेले होते, पण गाळाने पाऱ्याची वाट जशीच्या तशी दाखवली. १९५८ मध्ये कारखान्याने सांडपाण्याचे तोंड बदलून ते मिनामाता नदीच्या मुखाशी नेले, तेव्हा नव्या भागातही रोगी सापडू लागले. तरीही सरकारने अधिकृतपणे कारण मान्य करायला १९६८ साल उजाडले.

पुढे १९७७ ते १९९० या काळात दर दहा लाख भागांत २५ भागांहून अधिक पारा असलेला सुमारे १५ लाख घनमीटर गाळ उपसून बंदिस्त करण्यात आला आणि त्यावर ५८ हेक्टर भराव जमीन तयार झाली. कारखान्याने घाण सोडणे १९६८ मध्ये थांबवले. तळ साफ व्हायला आणखी बावीस वर्षे लागली.

खतावणीवर तारीख कशी कळते?

जुन्या कागदावर तारीख नसेल तर आपण अक्षराचे वळण, शाई, शिक्का पाहतो. गाळाच्या थरावर तारीख नसते. ती काढण्याची युक्ती निसर्गाने आणि माणसाने मिळून पुरवली आहे.

हवेतून सतत अत्यंत अल्प प्रमाणात एक किरणोत्सारी शिसे, शिसे-२१०, जमिनीवर आणि पाण्यावर उतरत असते. सुमारे २२ वर्षांत ते निम्मे होते. वरच्या थरात ते भरपूर आणि खाली जावे तसे कमी. या हिशेबावरून साधारण शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंतच्या थरांचे वय काढता येते. दुसरी खूण माणसाची आहे. १९५० नंतर वाढलेल्या अणुचाचण्यांची धूळ जगभर पसरली आणि १९६३ च्या सुमारास तिचा कळस झाला. त्या धुळीतले सीझियम-१३७ गाळाच्या थरात शिक्क्यासारखे उमटले आहे.

या पद्धतीच्या इतिहासात आपल्या मराठी मुलखाचेही नाव आहे, हे वाचून आम्हाला अभिमान वाटला. १९७१ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. कृष्णस्वामी आणि देवेंद्र लाल यांनी फ्रेंच शास्त्रज्ञांबरोबर तलावांतील गाळाच्या कालगणनेवर निबंध प्रसिद्ध केला. आजही तो या शास्त्राच्या पायाभूत निबंधांत गणला जातो. युरोपातल्या पाव्हिन आणि लेमाँ या सरोवरांबरोबर त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या तानसा तलावाचा गाळ अभ्यासला होता. मुंबईकरांची तहान भागवणाऱ्या तानसाच्या तळाने जगाला तारखा वाचायला शिकवण्यात हातभार लावला.

पुढे हीच विद्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कामी आली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या, गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातील शास्त्रज्ञांनी उल्हास खाडीच्या तळातून उभ्या नळीने गाळाचे स्तंभ काढून त्यातला पारा मोजला. पारा वापरून कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या कारखान्यांचा काळ त्या स्तंभात उतरलेला होता. पाऱ्याचा वापर आणि विसर्ग घटल्यावर वरच्या थरांत तो कमी झाल्याचेही दिसले. गाळ केवळ गुन्ह्याची नोंद ठेवतो असे नव्हे, सुधारणेची नोंदही तो तितक्याच प्रामाणिकपणे ठेवतो.

उपसावा की राहू द्यावा?

दूषित गाळ सापडला की आपले पहिले वाक्य ठरलेले असते : जेसीबी लावा आणि उपसून टाका. तज्ज्ञ इतक्या घाईने बोलत नाहीत. त्याचे कारण अमेरिकेतल्या दोन नद्यांच्या इतिहासात सापडते.

हडसन नदीत विद्युत साहित्याच्या दोन कारखान्यांतून सुमारे तीस वर्षे, १९७७ पर्यंत, पीसीबी नावाची रसायने गेली. ती सहजी नष्ट होत नाहीत आणि माशांच्या चरबीत साठतात. दीर्घ अभ्यासानंतर २००२ मध्ये गाळ उपसण्याचा निर्णय झाला आणि २००९ ते २०१५ या काळात सुमारे २१ लाख घनमीटर गाळ काढण्यात आला. निर्णय होण्यापूर्वी कोणत्या पट्ट्यात किती खोलवर घाण आहे याचे हजारो नमुने घेतले गेले होते.

व्हर्जिनियातल्या जेम्स नदीची गोष्ट उलटी. केपोन या कीटकनाशकामुळे १९७५ मध्ये तिथली मासेमारी बंद करावी लागली. तिथे तज्ज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा उपसण्याचा खर्च अवाढव्य आणि उपसताना विष पुन्हा पाण्यात मिसळण्याचा धोका मोठा ठरला. नदी दरवर्षी स्वच्छ गाळाचा नवा थर त्यावर चढवत होती. म्हणून विष तिथेच गाडले जाऊ दिले आणि मासे वर्षानुवर्षे तपासत राहिले. मासेमारीवरची बंदी पूर्णपणे उठायला १९८८ साल उजाडले.

दोन्ही निर्णय आपापल्या जागी अभ्यासाने घेतलेले होते. यामागचे शास्त्र समजण्याजोगे आहे. सांडपाण्याने काळा पडलेला, कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा चिखल आपण पाहतो. त्यात प्राणवायू नसतो आणि गंधकाशी संयोग होऊन बरेच धातू तिथे अडकून पडलेले असतात. तो चिखल ढवळून हवेवर आणला की बांध सुटतो आणि धातू पुन्हा मोकळे होऊ शकतात. म्हणून आधी तपासणी आणि मग फावडे.

पंचगंगेची कहाणी

आता आपल्या शेजारी येऊ. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि सरस्वती या पाच प्रवाहांची पंचगंगा कोल्हापूर आणि इचलकरंजीवरून वाहत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. शहरांचे सांडपाणी, कापड प्रक्रिया उद्योग आणि कारखाने यांचा भार तिने सोसला. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या आहेत. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. त्यानंतर प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेकडून अभ्यास करवून घेण्यात आला. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी निघालेली आणि १९७४ मध्ये आजचे नाव घेतलेली ही संस्था. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यात सर्वाधिक ५३ पट्टे महाराष्ट्राचे होते आणि पंचगंगा त्यांत होती.

याचा कोगनोळीशी संबंध काय? थेट संबंध आहे. स्वतःच्या दारची नदी पिण्याजोगी न राहिल्याने इचलकरंजीला आधी कृष्णेकडे जावे लागले, आणि पुढे दूधगंगेवर सुळकूड येथून पाणी नेण्याची योजना मंजूर झाली. तिला दूधगंगाकाठाने विरोध केला. कोणाची बाजू न्याय्य हा या लेखाचा विषय नाही. पण एक नदी बिघडली की दुसरीवर ताण येतो आणि शेजारी शेजाऱ्यासमोर उभा राहतो, हे आपल्या डोळ्यांसमोर घडले. दूधगंगा आज राखली नाही, तर उद्या आपण कोणाच्या नदीकडे बोट दाखवणार?

आपली अडचण आणखी एक आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्येच स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापले. कर्नाटकाचे मंडळ केंद्राच्या १९७४ च्या कायद्यानंतरचे. माणसे, भाषा, शेती आणि सोयरीक दोन्ही काठांवर एकच. दप्तरे मात्र दोन. पाण्याचा नमुना या पुलाच्या अलीकडे घेतला की एका मंडळाचा, पलीकडे घेतला की दुसऱ्याचा. गाळाला ही हद्द ठाऊक नाही. वरच्या गावचा कण खालच्या गावच्या बंधाऱ्यात येऊन बसतोच.

दूधगंगेचा गाळ तपासायचा तर

तज्ज्ञांच्या लिखाणातून आम्हाला उमगलेल्या गोष्टी क्रमाने देतो. उद्या एखादे महाविद्यालय, ग्रामपंचायत किंवा मंडळ हे काम हाती घेऊ म्हणेल, तर त्यांना उपयोग व्हावा.

पहिली गोष्ट, प्रश्न ठरवा. ‘नदी दूषित आहे का?’ हा प्रश्न फार मोघम आहे. ‘बंधाऱ्यामागचा गाळ उसात टाकावा का?’ हा प्रश्न नेमका आहे. प्रश्नावरून जागा ठरतात, जागांवरून नमुन्यांची संख्या ठरते आणि संख्येवरून खर्च.

दुसरी, तुलनेसाठी निर्मळ जागा हवी. हे आपल्याकडे फार महत्त्वाचे. आपला दगड बसाल्ट. त्यात तांबे निसर्गतःच किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वरही असते. कॅनडाची गोड्या पाण्यातील गाळासाठीची सावधगिरीची पातळी किलोमागे ३५.७ मिलिग्रॅम आहे. ती जशीच्या तशी लावली, तर सह्याद्रीतला कोरा गाळही दूषित ठरेल! म्हणून काळम्मावाडी धरणाच्या वरच्या अंगाचा, गावे-कारखाने नसलेल्या जागेचा गाळ आधी तपासायचा आणि त्याच्याशी आपला ताडून पाहायचा.

तिसरी, कणाचा आकार. धातू बारीक चिकणमातीला चिकटतात, वाळूला नाही. एका जागची वाळू आणि दुसऱ्या जागचा चिखल यांची तुलना म्हणजे पायलीने आणि किलोने मोजलेल्या धान्याची तुलना. शास्त्रज्ञ बहुधा ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेला बारीक भाग तपासतात.

चौथी, नमुन्याची शुद्धता. लोखंडी फावड्याने काढलेल्या नमुन्यात लोखंडाचे धातू मिसळणारच. प्लॅस्टिकचे चमचे, आम्लाने धुतलेल्या बाटल्या, बर्फाची पेटी, प्रत्येक नमुन्यावर जागा-तारीख-वेळ आणि एकाच जागेचे किमान दोन-तीन नमुने. नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची लेखी नोंद. ही शिस्त नसेल तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला अहवाल उडवून लावतो.

पाचवी, हंगाम. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले होते. असा पूर तळ खरवडून नेतो, नवा टाकतो. त्यामुळे मुख्य धारेत जुने थर शाबूत मिळण्याची आशा कमी. तारखा लावायच्या तर धरणाचा किंवा तळ्याचा शांत गाळ बरा. दरवर्षीची तुलना करायची तर दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी.

सहावी आणि सर्वांत महत्त्वाची, आकडा म्हणजे धोका नव्हे. गाळात धातू किती आहे हा एक प्रश्न आणि त्यातला किती सुटून पिकात, माशात, माणसात जाईल हा दुसरा. १९७९ मध्ये क्युबेकच्या तेसिए आणि सहकाऱ्यांनी गाळातले धातू टप्प्याटप्प्याने सोडवून पाच भागांत मोजण्याची पद्धत दिली. दगडाच्या स्फटिकात जखडलेला धातू आणि कणाला वरवर चिकटलेला धातू यांत फरक आहे. १९८५ मध्ये लाँग आणि चॅपमन यांनी तिहेरी कसोटी मांडली : रसायनांची मोजणी, त्या गाळात जिवंत प्राणी ठेवून पाहिलेला परिणाम आणि तळाशी नैसर्गिकरीत्या राहणाऱ्या किडे, अळ्या, शिंपल्यांची पाहणी. तिन्ही साक्षी जुळल्या तरच निवाडा. गावच्या पंचांनाही ही रीत पटावी.

विसर्जन आणि आपण

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत हा विषय का, असे कोणी विचारील. कारण वर्षातून एकदा आपण स्वतःच्या हातांनी नदीच्या तळाशी काहीतरी ठेवून येतो. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात पडले की त्याचे जिप्सम होते आणि एक लिटर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. साठलेल्या पाण्यात मूर्ती महिनोन् महिने तशीच राहते ती यामुळे. केंद्रीय मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२० मध्ये ती अधिक कडक केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अशा मूर्ती घरच्या घरी विरघळवण्याची रीत दाखवली. खाली कॅल्शियम कार्बोनेट राहते आणि वरचे पाणी खत म्हणून वापरता येते. कोल्हापुरात मूर्तीदानाची चळवळही रुजली.

नदीची सगळी घाण गणपतीने केली असे म्हणणे अन्यायाचे आहे. बारा महिने वाहणारी गटारे आणि दहा दिवसांचा उत्सव यांची बरोबरी होत नाही. पण कारखान्याला आणि नगरपालिकेला जाब विचारायचा तर आपले हात आधी स्वच्छ हवेत. शाडूची लहान मूर्ती, साधे मातीचे रंग, निर्माल्य वेगळे आणि काठावरच्या कुंडात विसर्जन, इतके आपल्या हातात आहे.

आणखी एक विनंती शेतकरी बांधवांना. महाराष्ट्रात २०१७ पासून धरणांतला गाळ शिवारात नेण्याची योजना आहे आणि तिचा अनेकांना लाभ झाला. डोंगराखालच्या तळ्याचा गाळ सोन्यासारखाच. पण शहराच्या किंवा कारखान्याच्या खालच्या अंगाचा काळा गाळ रानात ओढण्यापूर्वी तो एकदा प्रयोगशाळेत पाठवा. ट्रॉलीभर गाळ एका दिवसात पसरतो. त्यातला धातू मात्र नातवंडांच्या काळापर्यंत रानात राहतो.

आपल्या आज्या-पणज्यांनी या नदीला गंगा म्हटले, तिची ओटी भरली. त्या श्रद्धेला आता मोजमापाची जोड द्यावी एवढेच आमचे मागणे. दोन्ही काठांवरच्या शाळा-महाविद्यालयांनी मिळून दरवर्षी दिवाळीनंतर ठरलेल्या चार जागांचा गाळ तपासावा आणि त्याची वही दोन्ही राज्यांच्या मंडळांना पाठवावी. पाच वर्षांत एक असा दस्तऐवज तयार होईल, जो कोणत्याही कार्यालयाला बाजूला सारता येणार नाही. नदी तर तिची नोंद ठेवतेच आहे. ती वाचण्याची बुद्धी ही बुद्धिदात्यापाशी मागण्यासारखी गोष्ट आहे.

गणपती बाप्पा मोरया!